हिब्रू येत नसताना ज्यू इतिहास आणि धर्मग्रंथांवरची व्याख्यानं कुठून ऐकावीत?

तुम्ही ज्यू नाही, हिब्रूचा गंध नाही, तरी हा विषय ऐकायचा आहे आणि भरवसा कोणावर ठेवावा असा प्रश्न आहे. माझीही गत तीच, त्यामुळे अनुभवावरून सांगतो.

सुरुवात येल विद्यापीठाच्या क्रिस्टीन हेज यांच्यापासून करा. हिब्रू बायबलवरची, म्हणजे ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात त्या ज्यू धर्मग्रंथावरची, त्यांची २४ व्याख्यानं २००६ साली वर्गातच चित्रित झाली आणि ती फुकट ऐकता येतात. बाई भरभर बोलतात, पण प्रत्येक तासाचा लिखित मजकूरही मिळतो. तो समोर ठेवा.

यूट्यूबवर मात्र प्राध्यापक, रब्बी (ज्यू धर्मगुरू) आणि ख्रिस्ती प्रचारक एकाच रांगेत येतात. तिघांनाही ऐकायला माझी ना नाही, फक्त बोलणारा कुठे उभा आहे ते कळायला हवं. त्यासाठी हिब्रू बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाबद्दल तो काय बोलतो ते मी बघतो. यशया इ.स.पू. आठव्या शतकातला. पण ४५व्या अध्यायात पर्शियाचा राजा कोरेश नावानिशी येतो, आणि त्याने बाबिलोन घेतलं इ.स.पू. ५३९ मध्ये! बहुतेक अभ्यासक म्हणतात, ४०व्या अध्यायापासून पुढे लिहिणारा दुसराच कोणीतरी, ज्यूंना बाबिलोनला पकडून नेलं त्या बंदिवासाच्या काळातला. श्रद्धाळू वक्ता म्हणतो, संदेष्ट्याला पुढचं दिसलं. यातली दुसरी बाजू आहे हेच जो सांगत नाही, त्याला मी तिथेच बंद करतो. हेज यांचा १९वा तास याच बंदिवासावर आहे.

मग मृत समुद्राच्या गुंडाळ्यांकडे, म्हणजे त्या समुद्राकाठी सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांकडे वळा. १९४७च्या सुमारास कुमरानच्या गुहेत बेदुइन या भटक्या अरब धनगरांना सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाची सात मीटरहून लांब, कातड्यावर लिहिलेली प्रत होती, साधारण इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. संपूर्ण हिब्रू बायबलची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १००८ सालची, म्हणजे ही हजारेक वर्षं आधीची. ४०व्या अध्यायात ‘गवत सुकते, फूल कोमेजते’ हे शब्द थोड्याच अंतराने दोनदा येतात. ही गुंडाळी उतरवणाऱ्याची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर गळला. पोथ्या उतरवणाऱ्यांचं नेहमीचंच दुखणं. पुढे दुसऱ्या कोणीतरी तो ओळींच्या मधे कोंबला, जागा पुरेना तेव्हा समासातून खाली उतरवला आणि देवाच्या नावाच्या जागी चार ठिपके दिले. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमच्या संकेतस्थळावर या गुंडाळीचा ३३वा स्तंभ (मजकुराचा उभा रकाना) मोठा करून बघा, स्पष्ट दिसतं. व्याख्यान ऐकताना अशी प्रत उघडी असेल तर फार मजा येते.

ताल्मूडवरची, म्हणजे रब्बींच्या धर्मनियमांवरच्या चर्चांच्या ग्रंथावरची, व्याख्यानं लगेच नकोत, संदर्भ लागत नाहीत.

आणि मराठीत हे कधी कोणी सांगितलं का, तर हो. मुंबई-कोकणातल्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या कथांवर चक्क मराठी कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं लावली. विषय आवडला तर त्या कीर्तनांचाही माग काढा.