बाटलीवर ३५% लिहिलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडपासून १ लिटर १ नॉर्मल द्रावण करायला किती मिली घ्यायचं? मला १०४ येतंय, मित्र ८८ म्हणतो

मित्राचं बरोबर आहे. पण १०४ हा आकडा वाचला आणि जेवण अर्धवट टाकून लिहायला बसलो.

तुम्ही काय केलं असणार ते बसल्या जागी सांगतो. ३५% म्हणजे १०० मिलीत ३५ ग्रॅम, लिटरला ३५०, भागिले ३६.५ (लिटरला एचसीएल म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड इतके ग्रॅम असलं की १ नॉर्मल), आलं ९.६ नॉर्मल, म्हणून १०४ मिली. अहो, बाटलीवरचे टक्के वजनाचे असतात! आणि एक लिटर ॲसिड एक किलो भरत नाही, ११८० ग्रॅम भरतं, त्याच लेबलवर बारीक अक्षरात घनता १.१८ लिहिलेली असते ते काय शोभेला नाही. ११८० चे ३५% म्हणजे ४१३ ग्रॅम, भागिले ३६.५, ११.३ नॉर्मल. म्हणून ८८.

आता माझं ऐका. बीएस्सी करून रायगडातल्या एका एमआयडीसीत लॅबला लागलो, तिथे भिंतीवर पिवळा पडलेला कागद होता, "१ एन एचसीएल – १०४ मिली". आमच्या इनचार्ज साहेबांच्या अक्षरात. साहेब एमएस्सी. दर वेळी सोडियम कार्बोनेटवर फॅक्टर (द्रावण खरं किती नॉर्मल आहे तो आकडा) काढायचा तर १.१८ च्या आसपास यायचा, तो धरून रिपोर्ट बरोबर निघायचे आणि दर वेळी १.१८ च का येतो हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू.

एक दिवस कार्बोनेट संपलं. साहेब म्हणाले फॅक्टर १ धर. त्याच संध्याकाळी कॉस्टिक लायचा (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा) टँकर आला, माल देणाऱ्या पार्टीच्या रिपोर्टवर ४८.२% आणि माझ्या टायट्रेशनला (त्याच ॲसिडचे थेंब सोडून केलेल्या मोजणीला) ४०.८. तीनदा केलं, तेच. ॲसिड कडक असलं की ब्युरेट (ॲसिड सोडायची खुणांची नळी) कमी उतरते आणि कॉस्टिक कमी दिसतं, एवढं तेव्हा सुचलं नाही. प्लांटमधले एक ऑपरेटर होते, सातवी पास, सगळे मामा म्हणायचे. त्यांनी सॅम्पलमधे हायड्रोमीटर (घनता दाखवणारी तरंगती नळी) सोडला आणि म्हणाले, "दीडच्या वर दाखवतोय, चाळीस टक्क्याचं लाय एवढं जड नसतं." मग माझी ट्यूब पेटली, ४८.२ भागिले ४०.८ केलं तर १.१८. साहेबांना दाखवलं तर म्हणे कालचा पोरगा मला शिकवतो? टँकर परत गेला. पुढे भांडण झालं, भाडं अंगावर आलं, आणि रिपोर्टवर सही माझी म्हणून मेमो मला.

मामांचीच एक युक्ती देतो, एचसीएलपुरती. हायड्रोमीटरच्या पॉइंटनंतरचे दोन आकडे दुप्पट करा, टक्के आले. १.१० म्हणजे २०, १.१५ म्हणजे ३०, १.१८ म्हणजे ३६. टेबलशी ताडून बघा, फार फरक नाही. ॲसिड गरम असेल तर मात्र कमी दाखवतं.

हां, आणि ८८ घेतलं म्हणजे १ नॉर्मल झालंच असं नाही. उघडलेल्या बाटलीतून वायू उडत असतो, महिन्यापूर्वीचे ३५ आज ३५ नसतात, काही बाटल्यांवर ३७% असतं तिथे ८३ च लागतं. तेव्हा फॅक्टर काढायचाच. भट्टीत २७० डिग्रीला सुकवून गार केलेलं सोडियम कार्बोनेट १.०६ ग्रॅम घ्या, रंग बदलून शेवट दाखवायला मिथाइल ऑरेंज, ॲसिड बरोबर १ नॉर्मल असेल तर २० मिली लागेल. कार्बोनेट नसेल तर रिपोर्ट देऊ नका, कुणी कितीही मोठा साहेब सांगू दे, आणि दबाव आलाच तर "फॅक्टर काढलेला नाही" असं रजिस्टरमधे लिहून त्यांची सही घ्या. मी घेतली नव्हती. बाकी फ्युम हूडमधे (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा, पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमधे पाणी नाही, वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

एक विचारू? ते १०४ तुम्ही स्वतः काढलंत की कुठल्या भिंतीवर वाचलंत? मी नोकरी सोडली तेव्हा तो कागद तिथेच होता. रायगडात असाल तर कळवा.