आजोबांची व्यंगचित्रं ट्रंकेत आहेत, काय करू?

प्रश्न : आमचे आजोबा पेपरात व्यंगचित्रं काढायचे. चाळीसेक मूळ चित्रं ट्रंकेत सापडली, कडा पिवळ्या पडल्यात. लॅमिनेशन करून घेऊ का? – एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दादा, लॅमिनेशन अजिबात नको! एकदा गरम प्लॅस्टिक चिकटलं की परत निघत नाही आणि कागद कायमचा गेला. सेलोटेप असेल तर ओढून काढू नका, शाईसकट सोलून येईल, ते जाणकारालाच करू दे. आपल्याकडं पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात, म्हणून पहिल्यांदा ती ट्रंकेतनं बाहेर काढा, दर दोन चित्रांच्या मध्ये ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला) कागद घाला आणि सपाट ठेवा, गुंडाळी नको.

आणि एक चित्र उजेडात तिरकं धरून बघाच. फिक्कट निळ्या पेन्सिलीच्या रेघा कदाचित दिसतील, छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसायचा नाही म्हणून कच्चं रेखाटन त्यात करायचे, आणि चुकलेल्या जागी पांढरा रंग. आधी नाक कुठं काढलं होतं आणि मग कुठं सरकवलं, हे छापलेल्या पेपरात कधीच कळत नाही, म्हणून तर अभ्यासकांना मूळ चित्रच लागतं. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत १९७७ पासून खास व्यंगचित्रांचीच लायब्ररी आहे.

चित्रामागं पेन्सिलीनं तारीख, पेपरचं नाव असेल तर पुसू नका. स्कॅन करा, आणि करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या लायब्ररीत एकदा विचारून बघा.