दीड वर्ष जिम करून पण वजन ६२ वरच अडकलंय, ट्रेनर म्हणतो नॅचरल लिमिट आली, पहिली सायकल कोणती घेऊ?

भावा, पहिली सायकल, म्हणजे मसल वाढवायला टेस्टोस्टेरॉनसारख्या (पुरुषी हार्मोन) स्टेरॉइडचा काही आठवड्यांचा कोर्स, कोणती घ्यायची ते मी सांगणार नाही, आधीच सांगून ठेवतो. पण प्रश्न वाचल्यावर गप्प पण बसवेना, कारण सात वर्षांपूर्वी मी शब्दन् शब्द हेच विचारत फिरत होतो आणि मला कोणी अडवलं नाही.

दीड वर्षात कोणाची नॅचरल लिमिट, म्हणजे औषधाशिवाय शरीर वाढायची हद्द, येत नसते. तुझा ट्रेनर खोटं बोलतोय किंवा त्याला माहीत नाही, दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्याचं ऐकू नकोस.

मी तेव्हा २४ चा, वजन ६१. आमच्या ट्रेनरने केबल मशीनपाशी सगळ्यांसमोर माझा दंड दोन बोटांत धरला आणि म्हणाला, "तुझं जेनेटिक्सच असं आहे, याच्यापुढे तू जाणार नाहीस." त्याने एकदाही विचारलं नाही की दिवसभरात खातोस किती, झोपतोस किती, मागच्या वर्षी बेंच प्रेसला (बाकावर उताणं पडून वजन वर ढकलणं) किती किलो मारत होतास. थेट औषध. आणि मी घेतलं.

दहा आठवड्यांत ६१ चा ७२ झालो. टी-शर्टच्या बाह्या दंडाला घट्ट बसायला लागल्या, बेंच ५० वरून ७५ वर गेला, लोक थांबून विचारायचे. हे सगळं खरं आहे, लपवत नाही. पण आठव्या आठवड्यापासून कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं, इतकं की बाटलीचं झाकण फिरवताना कळ यायची. मसल पटकन वाढतो, टेंडनला (मसल हाडाला जोडणारा दोर) वेळ लागतो, आणि ज्याने कधी ५० च्या वर उचललेलंच नाही त्याच्या टेंडनवर अचानक ७५ आलं की दुसरं काय होणार. पाठभर पिंपल्स आले ते वेगळेच.

सायकल संपली आणि उतरती सुरू झाली. सहा महिन्यांत ६५. सकाळी उठायची इच्छा नाही, कशातच मन लागेना, बाकीचं पण बंद, समजून घे. शेवटी रक्त तपासलं तर एलएच, म्हणजे अंडकोषांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन, जवळपास शून्य. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो अंडकोषांना सिग्नल पाठवणंच बंद करतो, स्पर्म काउंट पण पडतो. आणि सायकल थांबवली म्हणून ते दुसऱ्या दिवशी चालू होत नाही. मला आठ महिने लागले, काहींना वर्षाच्या वर लागतं, काहींचं पूर्वीसारखं होतच नाही. माझं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पण एवढं खाली गेलेलं की डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी घरात कोणाला हार्टचा त्रास आहे का ते विचारलं.

त्या काळात घरी बसून जुनी जिमची वही चाळत होतो. एका पानावर बेंच ५० किलो, तीन सेटमध्ये रेप्स (किती वेळा उचललं) ८, ७, ६. अकरा महिन्यांनंतरच्या पानावर बेंच ५० किलो, ८, ७, ६. अकरा महिने मी तोच वर्कआउट करत होतो आणि खापर जेनेटिक्सवर फोडत होतो! मग वजनकाटा आणून दोन आठवडे खाल्लेला प्रत्येक घास लिहिला. सरासरी १९०० कॅलरी आणि प्रोटीन ५५ ग्रॅम. आणि मी सगळ्यांना सांगायचो की मी भरपूर खातो, अंगालाच लागत नाही.

आता कोणीतरी खाली १९९६ चा तो प्रसिद्ध अभ्यास आणून टाकेल, म्हणून मीच सांगतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला, ४३ पुरुष, १० आठवडे, काहींना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन. नुसतं औषध घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचं चरबी सोडून वजन साधारण ३ किलो वाढलं, औषधाशिवाय व्यायाम करणाऱ्यांचं २ च्या आसपास, दोन्ही करणाऱ्यांचं ६. म्हणजे औषध चालतं, मी कधी नाही म्हटलं? पण तिथे सगळ्यांचं खाणं मोजून ठरवलेलं होतं, प्रोटीन किलोमागे दीड ग्रॅम, आणि व्यायाम लक्ष ठेवून करून घेतलेला. हा भाग कोणीच सांगत नाही.

तुला करायचंय ते असं. किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन, तुझ्यासाठी रोज १०० च्या आसपास. आता जेवढं खातोस ते मोज आणि वर ३०० कॅलरी घाल, आठवड्याला पाव किलो वाढायला पाहिजे, नाही वाढलं तर अजून घाल. स्क्वॉट, बेंच, रो, डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस, प्रत्येक मसल आठवड्यातून दोनदा, आधी रेप्स वाढव मग वजन, आणि सगळं वहीत. सात-आठ तास झोप. एवढ्यावर मी सव्वा वर्षात ६५ चा ७१ झालो, बेंच ९०, कोपर न दुखता. तेच ७१ जिथे माझं जेनेटिक्स मला जाऊ देणार नव्हतं म्हणे.

मागच्या वर्षी तो ट्रेनर भेटला. म्हणाला, तू सायकल घेतलेलीस म्हणूनच झालं, मसल मेमरी, म्हणजे एकदा वाढलेला मसल परत लवकर वाढतो. थोडा फायदा झाला असेल, मी नाकारत नाही. पण वहीतलं अकरा महिन्यांचं ते ५० किलो माझ्या जेनेटिक्समुळे नव्हतं, आणि ते बघायचं काम त्याचं होतं, त्याचेच पैसे घेत होता तो.

अजून एक, ज्यांचं टेस्टोस्टेरॉन तपासणीत खरंच कमी निघालंय आणि डॉक्टरांनी औषध दिलंय, त्यांच्याबद्दल हे नाही. आणि विशीच्या आतल्या कोणी हे वाचत असेल तर विचार पण करू नका, हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते.

आणि भावा, प्रश्न विचारायच्या आधीच घेऊन बसला असशील तर लाजू नकोस, डॉक्टरांना नाव आणि डोस सगळं खरं सांग. मी पहिल्या खेपेला लपवलं होतं आणि माझे दोन महिने नको त्या तपासण्यांत गेले.