समुद्रकाठच्या छोट्या शहराने वाढत्या समुद्रपातळीची तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न असा की, गावाच्या समुद्राकडच्या बाजूला दगडी बंधारा मंजूर झालाय. तेवढ्यावर तयारी झाली असं मानायचं, की शहराने आणखी काही करायला हवं? माझं सांगणं आहे, आधी खाडीकडची बाजू बघा.

कोकणातली बरीच गावं समुद्र आणि खाडीच्या मधे वसलेली आहेत. लाटा समोर आपटतात म्हणून भीती तिकडची वाटते, पण उधाणाचं पाणी अनेकदा मागून शिरतं. खाडीतून, वहाळातून आणि गटारांच्या तोंडातून. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीने त्या पाण्याची बाहेर पडायची वाटही अडवली होती. जगभरात समुद्राची सरासरी पातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटर चढली, आणि 2006 ते 2018 मध्ये हा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटर होता. आकडा किरकोळ वाटतो. सपाट जागी मात्र चार बोटं पाण्यावर बांध टिकणार की फुटणार हे ठरतं.

आमची भातशेती अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीत आहे. तिथली जमीन मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली, मातीचा बांध आणि त्यातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, यांच्या जिवावर टिकलेली. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की बाहेरच्या दाबाने झडप मिटते. गोव्यातल्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींत, मानशी हेच काम करते. समुद्र चढेल तसा ही झडप उघडी राहण्याचा वेळ कमी होत जाणार, आणि नुसता बांध उंच करून त्यावर उपाय होत नाही. आतल्या पाण्याला ओहोटीपर्यंत थांबायला जागा लागते. गटारांच्या तोंडांना झडपा बसवा, पण त्याबरोबर तळी, खाजणं, सखल मळे मोकळे ठेवा. खाजणात भराव टाकून प्लॉट पाडणं हे मला या सगळ्यातलं सर्वांत घातक काम वाटतं. ते पाणी शेवटी कुणाच्या तरी ओटीवर चढतंच.

बंधारा अजिबात नको, असं मी म्हणत नाही. रस्ता किंवा वस्ती अगदी काठावर असेल तिथे तो लागतो. पण भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते आणि भिंत जिथे संपते तिथून पुढची धूप वाढते. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर बंधाऱ्याची वारंवार झालेली पडझड सगळ्यांनी पाहिली आहे. शिवाय होड्या ओढायला, मासळी सुकवायला कोळीवाड्याला वाळू हवी. काम सुरू होण्याआधी त्यांना विचारा.

भिंत किती उंच, हा वाद आजच मिटवायची गरज नाही. लंडनने टेम्स नदीच्या मुखासाठी 2012 साली आराखडा केला, त्यात मोठी कामं ठरावीक सालाला न बांधता पाण्याच्या पातळीला बांधली आहेत. पातळी अमुक इतकी वाढली की पुढचं पाऊल. आपल्याला हे स्वस्तात जमेल. जेटीवर आणि पुलाच्या खांबावर पट्ट्या रंगवा, प्रत्येक मोठ्या उधाणाची नोंद ठेवा, आणि कोणती खूण वर्षातून किती वेळा ओलांडली की कोणतं काम सुरू करायचं, याचा ठराव आत्ताच करून ठेवा. काठावरच्या विहिरींचा खारटपणाही त्याच वहीत लिहा.

काही घरं कधीतरी मागे घ्यावी लागतील. ओडिशात सातभायाच्या लोकांना समुद्राने गाव गिळल्यावर बागपटियाला हलवावं लागलं. मच्छीमाराला समुद्रापासून फार लांब नेता येत नाही, म्हणून जवळची उंच जागा तिचे भाव चढण्याआधी राखून ठेवायला हवी.

आणि एक कागद नीट वाचा. 2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला मनाई असलेला पट्टा, भरतीरेषेपासून 200 मीटरवरून 50 मीटरवर आणलं. परवानगी मिळाली म्हणजे जागा सुरक्षित झाली असं होत नाही. तुमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की दवाखाना, शाळा, वीज उपकेंद्र यांची आरक्षणं कुठे पडलीत ते बघा. ती सखल जागी असतील तर हरकतींच्या मुदतीतच लेखी हरकत द्या, आणि जोडीला उधाणाच्या नोंदींची ती वही लावा.