वाचकांचे प्रश्न: पिशवी, तांबी आणि सही कुणाची

ताई, मी नागपूरला एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं एमए) करतेय. सरांनी डॉ. राणी बंग यांचा खेड्यातल्या बायकांच्या स्त्रीरोगांवरचा 1989 चा पेपर वाचायला दिलाय. 92 टक्के बायकांना आजार हा आकडा वाचून हादरले, पण दोन गावांच्या अभ्यासाला एवढं महत्त्व का देतात ते अजून नीट कळलेलं नाहीये. सांगाल का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

सांगते की, आणि सविस्तर सांगते, कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी तो काळ बघ. 1980 च्या दशकात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे सरकारी कागदावर दोनच गोष्टी होत्या, बाळंतपण आणि नसबंदी. बाई गरोदर असेल तर तिची नोंद व्हायची, तीन पोरं झाली की ऑपरेशनच्या टार्गेटमध्ये तिचं नाव यायचं, आणि या दोन्हींच्या मधे तिला काय होतंय, पाळीत त्रास होतो का, अंगावरून जातं का, मूल का राहत नाही, हे कुणी विचारतच नव्हतं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग जॉन्स हॉपकिन्समधून पब्लिक हेल्थ शिकून परत आले आणि गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताई स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. त्या काळी स्त्रीरोगांचे जे आकडे असायचे ते दवाखान्यात आलेल्या बायकांचे, म्हणजे ज्या येऊ शकल्या त्यांचे. ज्या आल्याच नाहीत त्यांचं काय? म्हणून त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातली वसा आणि अमिर्झा ही दोन गावं घेतली आणि गावातल्याच बायकांशी बोलून, तपासून, लॅब टेस्ट करून 650 जणींचा अभ्यास केला, त्यात लग्न न झालेल्या मुलीही होत्या. जानेवारी 1989 मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता 92 टक्के तू वाचलास, म्हणजे इतक्या जणींना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, सरासरी काढली तर एकेका बाईला 3.6 आजार, आणि यातला निम्मा भाग जंतुसंसर्गाचा, म्हणजे बऱ्याचदा गोळ्या-औषधांनी बरा होणारा. पण मला विचारशील तर त्या पेपरमधले खरे आकडे दुसरेच आहेत. तक्रार सांगणाऱ्या बायका होत्या 55 टक्के. आणि आधी कधीतरी तपासणी आणि उपचार झालेल्या फक्त 8 टक्के! हा 92 आणि 8 मधला फरक तू असाइनमेंटमध्ये मोठ्या अक्षरात लिही. बायका दुखणं अंगावर काढत होत्या कारण बोलायला माणूस नव्हतं, लेडी डॉक्टर नव्हती, घरात पैसा नव्हता, आणि बाईच्या जातीला हे असायचंच असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं होतं.

दोनच गावं म्हणून तो अभ्यास लहान ठरत नाही. विकसनशील देशातल्या खेड्यात लोकसंख्येवर आधारित असं काम त्याआधी झालंच नव्हतं, त्यामुळे जगात बायकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्यांच्या हातात पहिल्यांदा पुरावा आला. 1994 ला कैरोची लोकसंख्येवरची जागतिक परिषद झाली, तिथे लोकसंख्या नियंत्रणाऐवजी प्रजनन आरोग्य आणि हक्क ही भाषा आली, आपल्याकडे 1996 मध्ये नसबंदीची वरून येणारी टार्गेट्स कागदावर तरी बंद झाली. हे सगळं एका पेपरमुळे झालं असं मी म्हणणार नाही, बऱ्याच देशांतल्या बायकांच्या संघटना त्यासाठी वर्षानुवर्षं झगडत होत्या, पण गडचिरोलीचा आकडा त्यांच्या फार कामी आला.

ताई, माझी आई 36 वर्षांची आहे, आईवडील दोघं कारखान्यावर ऊसतोडीला जातात. आईच्या अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट आणि कंबर दुखते. खाजगी दवाखान्यात सोनोग्राफी केली आणि म्हणाले पिशवी खराब झालीय, काढा, नाहीतर कॅन्सर होईल. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, दिवाळीनंतर निघायचंय. आई म्हणते काढूनच टाकू एकदाची, कटकट जाईल. मी बारावीला आहे, माझं कोण ऐकणार? नाव छापू नका.
– बीड जिल्हा

बाळा, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. ऐकतील तुझं, नीट समजावून सांग.

पहिली गोष्ट, पांढरं जाणं हे बऱ्याचदा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि त्यावर औषध आहे. काही प्रकारांत नवऱ्यालाही सोबत गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर परत परत होतं, आणि मग लोक म्हणतात औषधाने फरक पडत नाही. नुसत्या पांढऱ्या पाण्यावर पिशवी काढणं हा इलाज नाही. दुसरी गोष्ट कॅन्सरची. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या तोंडाला सूज दिसली म्हणजे कॅन्सर नव्हे. भीती असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करता येते, पॅप टेस्ट असते, सरकारी दवाखान्यात व्हिनेगर लावून बघतात त्याला व्हीआयए म्हणतात, ती सोपी असते. डॉक्टरांना सरळ विचार, कोणती टेस्ट केली, रिपोर्ट कुठाय, औषध किती दिवस देऊन बघितलं? ही उत्तरं मिळत नसतील तर सही करायची नाही. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात जाऊन दुसरं मत घ्या, सगळी कागदं सोबत न्या.

पिशवीसोबत बीजकोशही काढले तर आईला 36 व्या वर्षीच पाळी जाते, हाडं ठिसूळ होतात, अंगातून वाफा येतात, हृदयाचा धोका वाढतो. बीजकोश ठेवले तरी पाळी जायच्या वयाआधीच ते थकू शकतात. आणि मोठं ऑपरेशन करून लगेच फडात मोळ्या उचलायच्या म्हणजे काय हाल होतील ते तुला सांगायला नको.

तुझ्या आईचं 'कटकट जाईल' हे वाक्य मात्र मी कितीदा वाचलं. ती असं का म्हणते मला कळतं. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत एक खाडा केला तर पैसे कापले जातात आणि उचल फेडायची असते, अशा वेळी बाईला वाटतं की पिशवीच नको. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीडमध्ये पाहणी केली तर 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहातली एक. देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण जेमतेम 3 टक्के आहे. या बायकांवर कुणी जबरदस्ती केली नाही, त्यांनी स्वतः सह्या केल्या असं म्हणणारे लोक मला भेटतात. अहो पण ज्या बाईसमोर खाडा नाहीतर ऑपरेशन एवढेच दोन रस्ते ठेवलेत तिच्या सहीला मर्जी कशी म्हणायची? मर्जी म्हणायला आधी माहिती हवी, औषधोपचार मिळायला हवा, चार दिवस आराम मिळायला हवा.

हे प्रकरण गाजल्यावर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना पिशवी काढायच्या आधी सिव्हिल सर्जनची परवानगी घ्यायला लावली. तेव्हा ऑपरेशनची तारीख देत असतील तर परवानगीचा कागद मागा, हक्काने मागा. गावातल्या आशाताईला सोबत घे, एकटी जाऊ नकोस. आणि आईला मोठ्याने हे वाचून दाखव.

मला दोन मुलं आहेत. तांबी (कॉपर-टी) बसवलेली असूनही दिवस राहिलेत, आठ आठवडे झाले. मला हे मूल नकोय. दवाखान्यात म्हणतात नवऱ्याची सही आणा, ते दुबईला आहेत. काय करू?
– इचलकरंजी

नवऱ्याची सही लागत नाही. गर्भपाताचा कायदा 1971 पासून आहे आणि त्यात 18 वर्षांवरच्या बाईची फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची नाही, सासूची नाही. साधन फेल गेलं हे कारण कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर तर लग्न न झालेल्यांनाही ते लागू आहे, आणि 20 आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरतं. तुमचं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा आहे, शिक्षा होऊ शकते. दवाखाने स्वतःच्या सेफ्टीसाठी सही मागतात, पुढे घरच्यांनी भांडण केलं तर कटकट नको म्हणून. पण त्यांच्या भीतीपायी तुमचे आठवडे जातायत! हे दवाखान्यात शांतपणे सांगा, नाही ऐकलं तर दुसऱ्या मान्यताप्राप्त केंद्रात जा, सरकारी रुग्णालयात जा.

घाई एकाच गोष्टीची करा, सोनोग्राफी. तांबी असताना दिवस राहिले तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो, तो धोका आधी बघायलाच हवा, आणि तांबी कुठे आहे तेही कळेल. पोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच जा. गर्भाशयातच असेल तर नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनीही होतं, पण मेडिकलमधून स्वतः आणून घेऊ नका, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या.

बायकोचं दोन्ही वेळा सिझर झालंय, आता मीच नसबंदी करायचं म्हणतोय. आई म्हणते ताकद जाते, पुरुषाने करू नये. खरं काय?
– कोल्हापूर

करा, बिनधास्त करा. ताकद कमी होत नाही, संबंधात फरक पडत नाही, वीर्यही येतं, फक्त त्यात शुक्रजंतू नसतात. बिनटाक्याची पद्धत आहे, बायकांच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपी. तरी देशात लग्न झालेल्या जोडप्यांत बायकांची नसबंदी जवळपास 38 टक्के आणि पुरुषांची 0.3 टक्के आहे, हे मला फार लागतं. आईंची भीती आणीबाणीच्या काळातली असू शकते, 1976-77 च्या वर्षात 80 लाखांहून जास्त नसबंदी झाल्या आणि त्यात बहुतेक पुरुष होते, कित्येकांना बळजबरीने नेलेलं. आपल्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं बिलसुद्धा पास केलं होतं, ते पुढे कायदा झालं नाही एवढंच. त्या पिढीने जे बघितलं त्यानंतर त्यांना दोष देता येत नाही, आईंशी बोला, पण शरीर तुमचं आहे आणि ठरवायचं तुम्हीच. ऑपरेशननंतर तीन महिने निरोध वापरा आणि मग वीर्य तपासून घ्या, शुक्रजंतू नाहीत असा रिपोर्ट आल्यावरच निरोध बंद करा.