एन्डोस्कोपी नॉर्मल आहे, मग घास का अडकतो?

संधिवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), स्क्लेरोडर्मा (त्यातच कातडी कडक होत जाते) असे आजार असलेली माणसं माझ्याकडे येतात ती मनाच्या तक्रारी घेऊन, झोप लागत नाही, चिडचिड होते म्हणून. दोन-तीन भेटींनंतर, जरा मोकळं वाटू लागलं की विचारतात, "मॅडम, घास अडकतो. पण दुर्बिणीच्या तपासणीचा, एन्डोस्कोपीचा रिपोर्ट नॉर्मल आहे. मनाचेच खेळ असतील ना?" हे इतक्यांदा ऐकलंय की एकीची गोष्ट, तिची ओळख बदलून, सांगायलाच हवी.

पन्नाशीच्या, सोलापूरकडच्या ताई. स्क्लेरोडर्मा जुना. थंडीत बोटं पांढरी पडून मग निळी व्हायची, हातांची कातडी ताणलेली. "फार टेन्शन घेते, नीट जेवत नाही" म्हणून यजमान घेऊन आले होते.

"गिळायला त्रास होतो, हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"ते विचारतात, जेवण जातं का? मी म्हणते, जातं."

"आणि खरंच जातं?"

"जातं की. पाण्याबरोबर."

मग मी त्रासाबद्दल विचारणंच सोडलं. म्हटलं, "काय काय खायचं बंद केलंत, तेवढंच सांगा."

ताई थांबल्या आणि पुरती न मिटणारी बोटं एकेक करून मोजू लागल्या. कडक भाकरी गेली. शेंगाचटणी गेली. मग चपाती, मग पोहे. आता भाकरी आमटीत भिजून लगदा झाली तरच. लग्नाच्या पंगती बंद. घरात सगळ्यांचं आटोपल्यावर एकटीनं जेवायचं, कारण घासागणिक घोटभर पाणी लागतं आणि तास जातो. रात्री आडवं झालं की आंबट पाणी वर येतं, म्हणून उशांवर उशा.

यजमान ऐकत होते. म्हणाले, "मला वाटायचं, ही माझ्यावर रुसलीय."

ताई खूप रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "म्हणजे मी नाटक करत नव्हते."

या वाक्यासाठीच मी इतके दिवस थांबले होते. दुःखामागे एक विचार दडलेला असतो आणि तो सापडला की माणूस हलतो, अशी माझी श्रद्धा आहे. ताईंचा विचार होता, 'रिपोर्ट चांगला, म्हणजे मी खोटी.' आणि 'त्रास नाही' हे त्या डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगत होत्या. कारण त्रास देणारं सगळं त्यांनी ताटातूनच काढून टाकलं होतं! जुन्या आजाराची माणसं इतकी बेमालूम जुळवून घेतात. 'काय सोडलंत?' हा प्रश्न मी माझ्या कामातली कमाई मानते.

रिपोर्टचंही समजून घ्या. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेचं अस्तर दिसतं. जखम, गाठ, अरुंद झालेली जागा कळते. पण नलिका घास खाली ढकलते की नाही, हे मोजायला मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणारी तपासणी लागते. बेरियम हे एक्स-रेत उठून दिसणारं द्रावण पाजून काढलेल्या एक्स-रेतही बरंच कळतं. स्क्लेरोडर्मात अन्ननलिकेच्या खालच्या भागाचे स्नायूच दुबळे होऊ शकतात. कोणती तपासणी हवी ते डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी त्यांना नेमकं कळायला हवं.

म्हणून आम्ही एक कागद तयार केला. घास घशातच अडतो की गिळल्यावर छातीत? घट्ट अन्नालाच त्रास, की पाण्यालाही? पिताना ठसका लागतो, पाणी नाकातून येतं? स्नायूंना सूज येणाऱ्या आजारात हे घडू शकतं. तोंड कोरडं पडतं? स्योग्रेन आजारात लाळच कमी होते. वजन उतरलंय का? शिवाय औषधांची यादी, कारण स्टेरॉइडमुळे घशात, अन्ननलिकेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि हाडांसाठीची अॅलेन्ड्रोनेटची गोळी कमी पाण्याबरोबर घेतली किंवा घेऊन लगेच आडवं झालं, तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. मात्र कुठलंही औषध मनानं बंद करू नका.

ताईंनी तो कागद संधिवाततज्ज्ञांना दिला, पुढे पोटविकारतज्ज्ञांकडे मॅनोमेट्री झाली. अन्ननलिकेची हालचाल खूप मंदावली होती. आम्ल कमी करणारं औषध, थोडं थोडं खाणं, जेवल्यावर दोन-तीन तास न झोपणं, पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं, यानं रात्री सुसह्य झाल्या. कडक भाकरी अजून जात नाही. पण ताई आता सगळ्यांबरोबर ताट वाढून घेतात.

तुमचाही घास अडकत असेल तर असा कागद करा आणि तपासणीला बसल्या बसल्या हातात द्या, निघताना दारात नको. आणि घास अडकून थुंकीही गिळता येत नसेल, श्वास कोंडत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता तडक इस्पितळ गाठा.