फिल्मी गाण्यांचा कंटाळा आलाय, लोकसंगीत आणि इंडीमधलं काय ऐकावं? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलं की यवतमाळकडच्या गावात राहता, दिवसभर कामात फोनवर गाणी चालू असतात, फिल्मी गाण्यांनी कान विटले, आणि इंडी (म्हणजे कंपनी-फिल्मच्या भरोशावर नाही, कलाकारानं स्वतः केलेलं गाणं), फोक (म्हणजे लोकसंगीत) असे शब्द लय ठिकाणी वाचता पण नेमकं कोणाला ऐकावं ते कळत नाही. नावं सांगतो, भरपूर सांगतो. फक्त एक अट. नेटवर जी यादी भेटते ती दिल्ली-मुंबईच्या इंग्रजी गाणाऱ्या बँडपासून सुरू होते, माणूस दोन गाणी ऐकते आणि हे आपलं नाही म्हणून सोडून देते. तुम्ही उलटं करा. आपल्या जिल्ह्यापासून सुरू करा आणि मंग बाहेर बाहेर जा. जो माणूस स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या गावच्या ठेक्यावर गाते त्याला ऐकायची सवय एकदा लागली ना, की मंग कानडी काय, नेपाळी काय, आफ्रिकेतलं गाणंही परकं वाटत नाही.

तर पहिलं नाव खंजेरीचंच. मी तिवसा तालुक्यातला, महाराजांच्या आश्रमाची मोझरी आमच्या बाजूलाच, त्यामुळं मी हे आधी सांगणारच, पण खरंच सांगतो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं आपण इतक्या लहानपणापासून ऐकतो की ऐकतच नाही, प्रार्थना म्हणून उभं राहतो आणि हात जोडून मोकळे होतो. एकदा ती गाणी म्हणून ऐका. नुसती खंजेरी, मागं साथ देणारे चार लोक, आणि साधी हिंदी-मराठी मिसळलेली भाषा, आणि तेवढ्यावर ह्या माणसानं गावच्या गावं हलवली, १९४२ ला चिमूर पेटलं त्या काळात इंग्रजांनी त्यांना धरून तुरुंगात टाकलं ते काही उगाच नाही. भजनाचा जोर त्यांना कळला होता.

मंग सत्यपाल महाराज. अकोला जिल्ह्यातले, सप्तखंजेरीवाले. तुम्ही कार्यक्रम पाहिलाही असन, नसन पाहिला तर व्हिडिओच पाहा, नुसतं ऑडिओवर मजा अर्धी जाते. समोर खंजेऱ्या मांडलेल्या असतात, प्रत्येकीचा आवाज वेगळा, एक ढोलकीसारखी बोलते, एक नुसती टणटणते, आणि बोलता बोलता दोन्ही हात ह्या खंजेरीवरून त्या खंजेरीवर असे फिरतात की वाक्य कुठं संपलं आणि ताल कुठं सुरू झाला ते कळत नाही. बरं बोलणं काय, तर दारू, हुंडा, बुवाबाजी, लग्नातला फालतू खर्च, मायबापाची सेवा. लोक हसतात आणि मधातच गप्प होतात. माझं मत विचाराल तर आज भारतात एकट्या माणसानं उभे केलेले जे कार्यक्रम आहेत त्यात हा वरच्या नंबरचा आहे, आणि त्याला कोणी इंडी म्हणत नाही हीच अडचण आहे. कोणत्या कंपनीच्या भरोशावर नाही, फिल्मच्या भरोशावर नाही, गावोगाव जाऊन स्वतःचा श्रोता स्वतः तयार केलेला माणूस, याहून इंडी काय असते?

आता याच्या लगेच पाठीमागं रॅप ऐका. हो, रॅपच. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, १००आरबीएच नावानं गाते, एमटीव्हीच्या हसल कार्यक्रमात गाजला, आणि त्याची सगळ्यात मोठी गोष्ट ही की त्यानं वऱ्हाडी बोली लपवली नाही, "मले" "तुले" तसंच ठेवलं आणि त्याच बोलीच्या झटक्यावर ताल बसवला. अमरावतीचाच विपिन तातड, रॅपबॉस, तोही ऐका, त्याच्या गाण्यात आंबेडकरी चळवळीचा राग आहे आणि तो सरळ सरळ आहे. ज्येष्ठ लोक म्हणतात हे परदेशातून आलेलं खूळ आहे. मला तसं नाही वाटत. आपल्याकडं पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या म्हणतात ना, एक जण म्हणते, दुसऱ्या बाजूचा त्याला उत्तर देते, यमक जुळवून पाटलाला, सावकाराला, सरकारला सगळ्यांना टोला देते आणि शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" असा सगळ्या गावाचा आवाज. आमच्याकडं कापसाच्या भावावर झडती झाली नाही असा पोळा मला आठवत नाही. ज्या पोट्ट्यांच्या कानात हे लहानपणापासून आहे त्यांना रॅप शिकवायला कोणाची गरज नाही. मुंबईचा स्वदेशी नावाचा ग्रुपही शोधा, त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' २०१९ चं आहे, आरे जंगलातल्या वारली लोकांच्या बाजूनं केलेलं, आणि त्यात आरेतले प्रकाश भोईर स्वतः गायले आहेत. माही जी ही मुलगी पण ऐका, आदिवासी आणि जंगलाच्या प्रश्नावर मराठीत रॅप करते.

भीमगीतांबद्दल तुम्हाला वेगळं सांगायची गरज नसन, १४ एप्रिलला गावात डीजेवर वाजतेच. पण डीजेवर जे वाजते ते नाही, त्याच्या मागचं ऐका. वामनदादा कर्डक (१९२२–२००४), नाशिक जिल्ह्यातले, पण त्यांची गाणी अख्ख्या विदर्भाच्या तोंडात आहेत, आणि कित्येकांना माहीतच नाही की हे वामनदादांचं आहे. आणि कडूबाई खरात. मराठवाड्यातली बाई, हातात एकतारी, दारोदार गाणं म्हणून पोट भरणारी, कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि महाराष्ट्रभर पोचली. तिचे पहिले पहिले व्हिडिओच पाहा, नंतर स्टुडिओत कीबोर्ड-ऑक्टोपॅड लावून जे केलं त्यात तिच्या आवाजातली धार झाकल्या जाते असं माझं स्पष्ट मत आहे. एकतारीची एक तार आणि तो मोकळा गळा, त्याच्यात दुसरं काही टाकायची जागाच नाही. शाहीर विठ्ठल उमप तर पाहिजेतच, त्यांचं 'जांभूळ आख्यान' हे लोकनाट्य पूर्ण पाहा, तुकडे नका पाहू. २०१० ला आपल्या नागपुरात दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या स्टेजवरच ते कोसळले, शेवटपर्यंत गाणाराच माणूस. आणि संभाजी भगत, डफ घेऊन उभे राहिले की त्यांच्या आवाजानं अंगावर काटा येते.

गझल आवडत असन तर भीमराव पांचाळे, मोर्शीकडचे, आपलेच. सुरेश भटांचा शब्द (भट अमरावतीचे, हे सांगायला नको) त्यांच्या गळ्यात जसा संथ बसते तसा दुसऱ्या कोणाच्या नाही. रात्री ओलिताला गेले की ऐका.

झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातली नाटकं हा वेगळाच विषय आहे, ते फोनवर ऐकायचं नाही, जाऊन पाहायचं. दिवाळीनंतर होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात रात्रभर नाटकं होतात, वडसा म्हणजे देसाईगंजला कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिकीट काढून हजारो लोक बसतात आणि गाणं, पेटी, तबला सगळं लाइव्ह. परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री भेटली ती याच रंगभूमीसाठी. तिकडं जाणंच झालं तर दंडार (तिकडचं लोकनाट्य) कुठं आहे ते विचारा, आणि गोंडी लोकांची रेला गाणी कोणाच्या लग्नात, सणात ऐकायला भेटली तर सोडू नका. रेकॉर्डिंगमध्ये ती गोष्ट येतच नाही, पन्नास बाया हात धरून गोलात फिरतात तेव्हा पायाचा आवाज हाच ताल असते.

आता शेजारच्या राज्यात जाऊ. आपल्याला मुंबई-पुण्यापेक्षा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड जवळ, पण गाण्याच्या बाबतीत आपण तिकडं पाहतच नाही, हे मला लय खटकते. प्रह्लादसिंह टिपानिया, उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे, शाळेत मास्तर होते, माळव्याच्या बोलीत कबीर गातात, २०११ ला पद्मश्री. एका हातात तंबुरा, दुसऱ्या हातात करताल, आणि गाता गाता मधात थांबून अर्थ सांगतात, अगदी आपल्या कीर्तनकारासारखं, म्हणून आपल्याला पहिल्याच भजनात जवळचे वाटतात. त्यांच्याकडूनच पुढं रस्ता फुटते. शबनम विरमानी यांनी २००३ पासून कबीर प्रकल्प चालवला, चार डॉक्युमेंटरी केल्या, त्यातून राजस्थानचे मुख्तियार अली, कच्छचे मूरालाला मारवाडा, माळव्याचेच काळूराम बामनिया असे एकामागून एक भेटत जातात. एकाच पदाला चार गावचे चार लोक कसं गातात ते ऐकणं, यात माझे अख्खे हिवाळे गेले आणि अजून मन भरलं नाही.

आणि तीजनबाई. पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेली पांडवांची गोष्ट. भिलाईजवळच्या गनियारीच्या. बायांनी बसून गायचं अशी रीत होती, ह्या बाईनं उभं राहून, कापालिक शैलीत महाभारत सांगितलं आणि त्यासाठी समाजाचं काय काय सहन केलं. हातातला तंबुराच कधी भीमाची गदा होते, कधी अर्जुनाचं धनुष्य. छत्तीसगडी आपल्या गोंदियाच्या माणसाला तर पूर्ण कळते, तुम्हालाही दहा मिनिटात लागून जाईन. २०१९ ला पद्मविभूषण.

इथपर्यंत कान तयार झाले की मंग बँड ऐका. मराठीत अभंग रिपोस्ट हे मुंबईचे पोट्टे, संतांचे अभंग घेतात आणि गिटार-ड्रमवर वाजवतात. मला आधी भीती होती का शब्दाची वाट लावतात की काय, पण नाही, शब्द स्वच्छ ऐकू येतात. दिल्लीचा इंडियन ओशन, १९९० पासूनचा, त्यांचा 'कंदिसा' हा २००० चा अल्बम पूर्ण ऐका, त्यात नर्मदेवरचं 'मां रेवा' आहे. रघू दीक्षित, कर्नाटकचा, लुंगी आणि पायात घुंगरू घालून उभा राहते आणि संत शिशुनाळ शरीफांची पदं गाते, एक शब्द कळत नाही आणि तरी पाय हालतात. चेन्नईचा द कास्टलेस कलेक्टिव्ह, दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारानं २०१७ ला उभा राहिला, उत्तर चेन्नईच्या वस्तीतलं गाना संगीत घेऊन जातीवर सरळ बोलतात, आपल्याकडच्या भीमगीतवाल्यांचे सख्खे भाऊच समजा. इंडी गायक म्हणून प्रतीक कुहाडचं नाव सगळे सांगतात, आवाज चांगला आहे, ऐका, पण मला त्यात गाव सापडत नाही म्हणून मी फार ऐकत नाही. त्यापेक्षा शांत गाणं पाहिजे असन तर ताबा चाके ऐका, अरुणाचलचा निशी समाजातला पोट्टा, बोटांनी गिटार, युकुलेली वाजवते, निशी बोलीतही गाते. आणि बिपुल छेत्री, दार्जिलिंग-कालिम्पोंगकडचा, नेपाळीत गाते, 'स्केचेस ऑफ दार्जिलिंग' २०१४ चा. पावसाच्या दिवसात घरात अडकून पडलो की मी हेच लावतो.

शेवटचं एक लांबचं नाव, आणि हे मी तुम्हाला शेतकरी म्हणून सांगतो. अली फार्का टुरे. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा. १९९४ ला अमेरिकेचा गिटारवाला राय कूडर याच्यासोबत केलेल्या 'टॉकिंग टिंबक्टू'ला ग्रॅमी भेटली, जगभर मागणी, आणि हा माणूस म्हणे मी आधी शेतकरी आहे, आणि नायजर नदीकाठी आपल्या गावी, नियाफुंकेला परत गेला. कंपनीला त्याचा अल्बम पाहिजे होता, तर कंपनीलाच गावात यावं लागलं. बंद पडलेल्या शेतकी शाळेच्या पडक्या इमारतीत जनरेटर लावून रेकॉर्डिंग केलं, तेही शेतातल्या कामातून वेळ भेटन तसं. १९९९ चा अल्बम, नाव गावाचंच, 'नियाफुंके'. पुढं लोकांनी त्याला तिथला नगराध्यक्षही केलं. ती गिटार ऐका, एकच सूर धरून फिरत राहते, घाई नाही, वरून चढवलेलं काही नाही, मला तर त्यात आपल्या एकतारीची चाल ऐकू येते. हे आवडलं तर सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांचा तिनारिवेन हा बँड लगेच लावा.

ऐकायचं कसं, तेही सांगतो. एका वेळी एकच कलाकार धरा, आठ-दहा दिवस तोच, शब्द कळत नसतील तर कमेंटमध्ये कोणीतरी अर्थ टाकलेला असते तो वाचा. स्टुडिओ व्हर्जन आणि गावातल्या कार्यक्रमाचं मोबाईल रेकॉर्डिंग दोन्ही असतील तर आधी गावातलं ऐका. आपोआप पुढचं गाणं लागते ते बंद ठेवा, नाहीतर तीजनबाईनंतर रिमिक्स सुरू होते. आणि जवळपास कार्यक्रम असन तर जा, तिकीट असन तर काढा, नसन तर कलाकाराच्या ताटलीत काहीतरी टाका, ह्या लोकांचं पोट व्ह्यूजवर भरत नाही.

तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दिवाळीच्या आसपास गुरुकुंज मोझरीला या, गावागावची भजनी मंडळं येतात, रात्री जिथं खंजेरी वाजते तिथं जाऊन बसायचं. आणि तुमच्या यवतमाळकडं डहाका (रात्रभर म्हणायची जुनी पारंपरिक गाणी) म्हणणारे अजून कोणी असतील तर मला इथं खाली नक्की सांगा, कोणत्या गावी, कधी म्हणतात ते. आमच्याकडं म्हणणारे राहिले नाहीत आणि मला ते पूर्ण रात्रभराचं ऐकायचं आहे.